घडीव आयर्नची निवड : कुशल गोल्फपटूच्या दृष्टीने एक विवेचन

प्रस्तावना :

गोल्फच्या एका फेरीत खेळाडूला जास्तीत जास्त चौदा काठ्या जवळ बाळगता येतात. हा नियम अमेरिकेत १९३८ मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९३९ मध्ये लागू झाला. या चौदांपैकी सुमारे निम्म्या काठ्या ‘आयर्न’ या वर्गात मोडतात. लांबवर फटका मारण्यासाठी ड्रायव्हर आणि भोकात चेंडू ढकलण्यासाठी पटर असतो. या दोहोंच्या मधला बहुतेक खेळ आयर्नच्या आधारे चालतो. हिरवळीपर्यंतचे अंतर १५० मीटर असेल तर चेंडू १४० किंवा १६० मीटर जाऊन चालत नाही. म्हणून ड्रायव्हरकडून लांबीची, तर आयर्नकडून अचूक अंतराची अपेक्षा असते.

आयर्नच्या बाजारपेठेत ‘फोर्ज्ड’ म्हणजेच ‘घडीव’ हा शब्द दीर्घकाळ प्रतिष्ठेचा मानला गेला आहे. कुशल खेळाडूने घडीव आयर्न वापरावे आणि नवशिक्याने ओतीव, अशी एक विभागणी खेळाडूंच्या मनात पक्की बसलेली आढळते. एकेरी हँडिकॅपपर्यंत पोहोचलेला हौशी खेळाडू किंवा व्यावसायिक होण्याच्या उंबरठ्यावर असलेला तरुण खेळाडू, आता आपण ‘त्या’ वर्गात आलो या भावनेने जुना संच काढून टाकतो आणि पुष्कळ पैसे मोजून घडीव संच घेतो. खेळावरच उपजीविका अवलंबून असणाऱ्या खेळाडूच्या बाबतीत अशी चुकलेली निवड एका हंगामाचे नुकसान करू शकते. त्यामुळे ‘घडीव’ या शब्दातून खेळाडूच्या पदरात नेमके काय पडते, याचा विचार तंत्राच्या अंगाने होणे आवश्यक ठरते.

ओतीव आणि घडीव :

मराठी भाषेत धातूच्या वस्तूंसाठी ‘ओतीव’ आणि ‘घडीव’ हे दोन शब्द पूर्वापार रूढ आहेत आणि येथे ते नेमके लागू पडतात. ओतीव आयर्न ज्या पद्धतीने तयार होते ती भारतीय वाचकास अपरिचित नाही. मेणाची प्रतिकृती करून तिच्यावर उष्णतारोधक लेप चढवायचा, मेण वितळवून काढून टाकायचे आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा, ही ती पद्धत होय. दक्षिणेतील कांस्यमूर्ती ज्या मधूच्छिष्टविधानाने घडल्या, त्याचेच हे औद्योगिक रूप आहे. या पद्धतीत कोणताही गुंतागुंतीचा आकार जवळजवळ अंतिम स्वरूपात मिळतो.

घडीव आयर्नची सुरुवात पोलादाच्या गोल कांबीच्या तुकड्यापासून होते. तो तुकडा सुमारे १२०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून, दोन साच्यांच्या मध्ये ठेवून, अनेक टप्प्यांत दाबला किंवा ठोकला जातो. कडेने बाहेर आलेला जादा धातू कापला जातो. त्यानंतर घासकाम, दांडी बसविण्यासाठी मानेत भोक पाडणे, खाचा कोरणे आणि बहुधा निकेल-क्रोमचा मुलामा अशा क्रिया होतात. यासाठी वापरले जाणारे पोलाद अल्पकार्बन प्रकारचे असते. जपानी मानकातील एस२०सी या पोलादात कार्बनचे प्रमाण ०.१८ ते ०.२३ टक्के, तर एस२५सी मध्ये ०.२२ ते ०.२८ टक्के असते. अमेरिकी मानकातील १०२० आणि १०२५ ही पोलादे जवळपास याच घडणीची आहेत. याउलट ओतीव आयर्नसाठी बहुधा १७-४ हे स्टेनलेस स्टील वापरले जाते. त्यात सुमारे १७ टक्के क्रोमियम व ४ टक्के निकेल असते आणि ते बरेच अधिक कठीण असते.

येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. पुण्यासारख्या औद्योगिक नगरीत ‘फोर्जिंग’ हा शब्द वाहनउद्योगामुळे घरोघरी पोहोचला आहे. मुंढवा येथील भारत फोर्ज हा १९६१ मध्ये स्थापन झालेला उद्योग त्याचे ठळक उदाहरण होय. इंजिनाचा क्रँकशाफ्ट घडीव असावा लागतो, कारण घडाईत धातूच्या कणांची रेषा वस्तूच्या आकाराला धरून वळते आणि लक्षावधी वेळा ताण सोसूनही तो भाग तुटत नाही. आयर्नच्या बाबतीत मात्र तुटण्याचा प्रश्न क्वचितच येतो. चांगल्या ओतीव आयर्नचे डोके खेळाडूच्या हयातीत टिकते. म्हणजेच ज्या गुणासाठी अभियांत्रिकीत घडाईला पसंती मिळते, तो गुण गोल्फच्या मैदानावर फारसा कसोटीला लागतच नाही.

मग घडीव आयर्नला ही प्रतिष्ठा लाभली कशी? तिचे मूळ इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधील लोहार आयर्नची डोकी हातांनी घडवीत असत. सेंट अँड्र्यूज येथील टॉम स्टुअर्ट या कारागिराचे चिलमीचे चिन्ह असलेली डोकी आजही संग्राहक जपून ठेवतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नामांकित खेळाडूंच्या हाती घडीव आयर्नच दिसत. बेन होगन या श्रेष्ठ खेळाडूने १९५३ मध्ये स्वतःचा काठ्यांचा उद्योग सुरू केला तेव्हा पहिली खेप मनास न उतरल्याने त्याने ती विक्रीस जाऊ दिली नाही, ही घटना या क्षेत्रात प्रसिद्धच आहे. त्यानंतर जनरल इलेक्ट्रिकमधील अभियंता कार्स्टन सोल्हाइम याने वेगळी वाट धरली. डोक्याच्या मध्यभागातील धातू काढून तो कडांकडे नेला, तर चेंडू नेमक्या बिंदूवर न लागला तरी फटका फारसा बिघडत नाही, हे त्याने ओळखले. असा पोकळ पाठीचा आकार साच्यात दाबून काढणे कठीण, पण ओतणे सोपे. त्याच्या पिंग कंपनीचे १९८२ मधील ‘आय टू’ हे आयर्न अफाट खपले. तेव्हापासून ‘ओतीव म्हणजे क्षमाशील, सर्वांसाठी’ आणि ‘घडीव म्हणजे निष्ठुर, निष्णातांसाठी’ असे समीकरण रूढ झाले. हा फरक वस्तुतः आकाराचा होता. नाव मात्र प्रक्रियेला मिळाले.

पुढे घडाईचे केंद्र मोठ्या प्रमाणावर जपानकडे सरकले. मिझुनोची आयर्न हिरोशिमा येथे घडतात. धातूच्या भांड्यांसाठी व काट्या-चमच्यांसाठी ख्यातनाम असलेल्या निगाता प्रांतातील त्सुबामे येथे एंडो हा कारखाना आहे, तर हिमेजी परिसरात मिउरा. तेथील कारागिरीचे नाते तलवारी घडविणाऱ्यांच्या परंपरेशी जोडण्याचा मोह जाहिरातदारांना आवरत नाही. त्या कारागिरांचे घासकाम खरोखरच वाखाणण्याजोगे असते. पण ते तलवारीच्या आख्यायिकेशिवायही वाखाणता येते.

‘मऊ’ पोलाद आणि हाताला येणारी जाणीव :

घडीव आयर्नच्या बाजूने दिला जाणारा सर्वांत भावनिक युक्तिवाद म्हणजे फटक्याची ‘जाणीव’. घडीव आयर्नने मारलेला नेमका फटका लोण्यासारखा लागतो आणि ओतीवाचा खडखडीत, असे अनेक उत्तम खेळाडू मनापासून सांगतात. ही अनुभूती खोटी आहे असे म्हणता येणार नाही. प्रश्न आहे तो तिच्या कारणाचा.

अल्पकार्बन पोलाद ‘मऊ’ असते याचा अर्थ ते कमी ताणाला कायमचे वाकते किंवा त्यावर ओरखडा लवकर पडतो. परंतु चेंडूच्या आघाताने आयर्नचे डोके कायमचे वाकत नाही. ते केवळ क्षणभर लवचिकतेने दबते आणि पूर्ववत होते. असे दबणे ज्यावर अवलंबून असते तो लवचिकता-गुणांक सर्व पोलादांत जवळजवळ सारखाच, सुमारे २०० गिगापास्कल, असतो. कार्बन पोलाद असो वा स्टेनलेस, त्यात फरक पडतो तो अगदी थोडा. शिवाय चेंडू हा या दोहोंपेक्षा कितीतरी पटींनी मऊ असल्यामुळे आघाताच्या वेळी जवळजवळ सारे दबणे चेंडूचेच होते. केवळ धातूच्या मऊपणामुळे हाताला फरक जाणवतो, या समजुतीला भौतिकशास्त्राचा आधार मिळत नाही.

चेंडू आणि आघातपृष्ठ यांचा संपर्क सुमारे अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग, टिकतो. कॉक्रन आणि स्टॉब्ज यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गोल्फविषयक शास्त्रीय ग्रंथात हे स्पष्ट केले आहे की, आघाताची वार्ता दांडीतून हातापर्यंत आणि हातातून मेंदूपर्यंत पोहोचते तेव्हा चेंडू केव्हाच निघून गेलेला असतो. जाणीव हे गेलेल्या फटक्याचे वृत्त असते. त्या फटक्याचे भवितव्य ती बदलू शकत नाही. इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खेळाडूंनी वर्णिलेली ‘जाणीव’ आघाताच्या आवाजाशी निगडित असल्याचे दिसून आले. हाताला वाटते असे जे खेळाडू म्हणतो, त्यातील बराच भाग कानाने ऐकलेला असतो. आवाज मुख्यतः ठरतो तो आघातबिंदूच्या मागे किती धातू आहे, पृष्ठ किती जाड आहे आणि डोके कसे कंप पावते यांवरून. ‘मसल बॅक’ म्हणजे भरीव पाठीच्या आयर्नमध्ये नेमक्या बिंदूमागे धातूची जाड थर असल्याने आवाज खोल व आखूड येतो. तोच आकार स्टेनलेस स्टीलमध्ये ओतला तर फरक ओळखणे पुष्कळांना अवघड जाईल.

तरीही जाणिवेला निवडीत स्थान नाही असे समजणे चुकीचे ठरेल. दिवसाला शेकडो चेंडू मारणाऱ्या खेळाडूला प्रत्येक फटक्यानंतर चेंडू पृष्ठाच्या टोकाकडे लागला की टाचेकडे, याचे प्रामाणिक वृत्त मिळणे हा सरावाचा आधार असतो. भरीव पाठीचे आयर्न हे वृत्त स्पष्टपणे देते. चुकीची शिक्षा तत्काळ मिळते. पण हे वृत्त आकार देतो, घडाई नव्हे. बब्बा वॉटसनने २०१२ आणि २०१४ मध्ये ऑगस्टा येथील मास्टर्स स्पर्धा जिंकली तेव्हा त्याच्या हाती पिंगची ओतीव आयर्न होती. ओतीव आयर्नने जगातील सर्वांत नाजूक हिरवळींवर चेंडू थांबवता येतो, याला आणखी पुराव्याची गरज नसावी.

डोक्याचा आकार :

निवडीचा खरा गाभा येथे आहे. डोक्याचा गुरुत्वमध्य किती उंचीवर व पृष्ठापासून किती मागे आहे, त्याचप्रमाणे आघाताने डोके वळण्यास ते किती विरोध करते म्हणजे त्याचे जडत्व-आघूर्ण किती आहे, यांवरून चेंडूचे उड्डाण ठरते. भरीव पाठीच्या आयर्नमध्ये गुरुत्वमध्य पृष्ठाजवळ, काहीसा उंच आणि मानेकडे सरकलेला असतो. त्यामुळे चेंडू काहीसा खालून निघतो, त्याला उलटी फिरकी भरपूर मिळते आणि कुशल खेळाडू हवे तेव्हा त्याला डावीकडे वा उजवीकडे वळवू शकतो. याची किंमत अशी की पृष्ठावर बोटभर अंतराने चुकलेला फटका बरेच मीटर आखूड पडतो. पोकळ पाठीच्या म्हणजे ‘कॅव्हिटी बॅक’ आयर्नमध्ये ही शिक्षा सौम्य होते.

‘घडीव’ हा शिक्का या दोहोंवर असू शकतो, आणि एवढ्यावरच तो थांबत नाही. २०१७ मध्ये बाजारात आलेल्या टेलरमेडच्या पी७९० या आयर्नचा सांगाडा घडीव असला तरी डोके आतून पोकळ असून त्यात हलका फेस भरलेला आहे, आणि पातळ पृष्ठ चेंडूला अधिक वेग देण्यासाठी लवते. टायगर वुड्ससाठी २०१९ मध्ये त्याच कंपनीने काढलेले पी७टीडब्ल्यू हेही घडीवच. पण ते भरीव पाठीचे, लहान व कठोर. एकच विशेषण मिरविणाऱ्या या दोन वस्तूंचे मैदानावरील वर्तन परस्परविरुद्ध म्हणावे इतके भिन्न आहे.

पोकळ व लवचीक पृष्ठाच्या आयर्नबाबत कुशल खेळाडूने विशेष सावध राहावे. अशा आयर्नचा लॉफ्ट, म्हणजे आघातपृष्ठाचा उभ्या रेषेशी असणारा कल, बहुधा कमी ठेवलेला असतो. पारंपरिक सात क्रमांकाच्या आयर्नचा लॉफ्ट ३४ ते ३५ अंश असे. पी७९० सारख्या आयर्नमध्ये तो सुमारे ३० अंश आणि नवशिक्यांसाठीच्या आयर्नमध्ये २८ अंश किंवा त्याहूनही कमी आढळतो. दुकानात दोन सात-क्रमांकी आयर्न शेजारी ठेवून ‘हे पंधरा मीटर लांब जाते’ असे सांगितले जाते, तेव्हा वस्तुतः सात क्रमांकाची तुलना जुन्या सहा क्रमांकाशी चाललेली असते. कुशल खेळाडूची गरज वेगळी असते. अमेरिकेतील व्यावसायिकांचा सात-क्रमांकी फटका मिनिटाला सुमारे ७००० फेरे फिरत, साधारण ५० अंशांच्या उताराने खाली येतो. म्हणूनच तो कठीण हिरवळीवरही थांबतो. फिरकी एक-दीड हजाराने घटली, उतार सपाट झाला आणि चेंडू दहा मीटर लांब गेला, तर तो हिरवळीच्या मागच्या झुडपात जातो. मिळालेली लांबी अशा वेळी तोट्याची ठरते. त्याहून घातक असते ती अनिश्चितता. लवचीक पृष्ठावर एखादा फटका अवचित पाच-सात मीटर अधिक जातो आणि खेळाडूला त्याचे कारणही उमगत नाही.

मग कुशल खेळाडूने भरीव पाठीचे आयर्नच घ्यावे काय? जगातील श्रेष्ठ खेळाडूंचे आचरण तसे सांगत नाही. ब्रूक्स कोएप्काने २०१९ ची पीजीए चॅम्पियनशिप मिझुनोच्या जेपीएक्स ९१९ टूर या घडीव, पण पोकळ पाठीच्या आयर्नने जिंकली. त्या काळात तो कोणत्याही आयर्न-उत्पादकाशी करारबद्ध नव्हता, हे विशेष. अनेक व्यावसायिक मिश्र संच वापरतात. तीन-चार क्रमांकाची लांब आयर्न क्षमाशील किंवा पोकळ, मधली पोकळ पाठीची आणि आठ क्रमांकापासून पुढे भरीव, अशी ती रचना असते. लांब आयर्नने नेमका बिंदू साधणे कठीण आणि आखूडाने सोपे, हे त्यामागचे साधे कारण. हौशी खेळाडूने एकाच घराण्याचा सबंध संच घेण्याचा आग्रह धरण्यात शोभेखेरीज फारसे काही साधत नाही.

तळ आणि जमीन :

आयर्नच्या तळाचा मागचा भाग पुढच्या कडेपेक्षा किती खाली आहे, हे ‘बाउन्स’ या कोनाने मोजतात. बाउन्स अधिक असेल तर तळ जमिनीत न रुतता सरकतो. कमी असेल तर पुढची कड मातीत घुसते. खोल ढलपा काढणाऱ्या खेळाडूला रुंद, अधिक बाउन्सचा तळ मानवतो. चेंडू अलगद उचलणाऱ्यास अरुंद. भरीव पाठीच्या पारंपरिक आयर्नचे तळ अरुंद असतात आणि बाउन्सही बेताचा असतो.

मुंबईतील चेंबूर वा पुण्यातील येरवडा येथील मैदानांवर खेळणाऱ्यास या मुद्द्याचे महत्त्व अधिक आहे. श्रावणात पाय रुतेल अशी जमीन वैशाखात दगडासारखी होते. एकाच संचाने हे दोन्ही ऋतू निभवायचे असल्याने, पुढची कड किंचित गोलाई देऊन घासलेला, मध्यम बाउन्सचा तळ उपयुक्त ठरतो. जपानी वा अमेरिकी नियतकालिकांत वाखाणलेला चाकूसारखा पातळ तळ येथील पावसाळ्यात अनेकदा फावड्याचे काम करतो.

खाचांविषयी थोडक्यात एवढेच. २०१० पासून श्रेष्ठ पातळीवरील स्पर्धांत खाचांच्या कडांच्या धारेवर व आकारमानावर मर्यादा आल्या. २५ अंश व त्याहून अधिक लॉफ्टच्या काठ्यांत खाचेच्या कडेला किमान ०.२५४ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई असावी लागते. जुना नामांकित घडीव संच स्वस्तात मिळाला म्हणून घेणाऱ्या स्पर्धक खेळाडूने तो नियमात बसतो की नाही, हे आधी तपासावे.

वाकवता येण्याचा गुण :

‘लाय’ म्हणजे काठी जमिनीवर टेकवली असता दांडीचा जमिनीशी होणारा कोन. सात क्रमांकाच्या आयर्नमध्ये तो साधारण ६२ अंश असतो. खेळाडूची उंची, हातांची लांबी आणि आघाताच्या क्षणी हातांची उंची यांनुसार तो प्रत्येकास वेगळा लागतो. तो चुकला तर फटका उत्तम असूनही दिशा चुकते, कारण लॉफ्ट असलेले पृष्ठ तिरके टेकले की ते बाजूला पाहू लागते.

ही चूक किती मोठी असते, हे साध्या त्रिकोणमितीने काढता येते. ३४ अंश लॉफ्टच्या सात क्रमांकात लायची चूक एक अंश असेल तर पृष्ठाची दिशा सुमारे ०.७ अंशाने बदलते. १५० मीटरवर हे जवळजवळ पावणेदोन मीटर होतात. ४७ अंशांच्या वेजमध्ये तीच एक अंशाची चूक दिशेत एक अंशाहून किंचित अधिक फरक पाडते. ११० मीटरवर दोन मीटर. उलट २४ अंशांच्या चार क्रमांकात दिशा अर्ध्या अंशाहूनही कमी बदलते. म्हणजे ज्या आखूड काठ्यांनी खेळाडू ध्वजाजवळ चेंडू नेऊ पाहतो, त्याच काठ्यांत लायची चूक सर्वाधिक बोचते. लाय तीन अंशांनी चुकलेला संच असेल, तर वेजचा निर्दोष फटका सहा मीटर बाजूला पडतो. अशा संचावर खेळणारा खेळाडू नकळत स्वतःची ढब बिघडवून ती चूक भरून काढू लागतो. दुसऱ्याचे जुने संच वापरत वर आलेल्या अनेक गुणी खेळाडूंच्या बाबतीत, विशेषतः कॅडी म्हणून मैदानावर आलेल्या मुलांच्या बाबतीत, प्रशिक्षकाला आधी हीच गाठ सोडवावी लागते.

घडीव आयर्नचा खरा, निर्विवाद लाभ नेमका येथे दिसतो. अल्पकार्बन पोलादाची मान वाकविण्याच्या यंत्रात धरून दोन अंशांपर्यंत लाय व लॉफ्ट दोन्ही सहज आणि सुरक्षितपणे बदलता येतात. १७-४ स्टेनलेसची मान वाकते, पण ती झगडते, थोडी परत उसळते आणि अधिक ताणल्यास तडकण्याचा धोका असतो. मघाशी जो मऊपणा जाणिवेच्या बाबतीत निरुपयोगी ठरला, तो येथे अत्यंत मोलाचा ठरतो. तो खेळाडूच्या हाताला नव्हे, तर काठी जुळवून देणाऱ्या कारागिराच्या हाताला जाणवतो, एवढेच. तळ घासून बदलणेही मऊ पोलादात सोपे जाते.

मात्र लॉफ्ट वाकविताना बाउन्सही बदलतो. लॉफ्ट एक अंशाने कमी केला की बाउन्सही जवळजवळ एक अंशाने घटतो. म्हणून लांबीच्या हव्यासापायी सबंध संचाचा लॉफ्ट दोन अंशांनी कमी करून घेणारा खेळाडू स्वतःच्या हातांनी पावसाळ्यातील अडचण विकत घेतो.

दांडी :

डोक्याच्या मानाने दांडीची चर्चा कमी होते, हे नवलच. व्यवहारात चुकीच्या डोक्यापेक्षा चुकीची दांडी अधिक नुकसान करते. वेगवान खेळाडू बहुधा १२० ते १३० ग्रॅम वजनाची पोलादी दांडी वापरतात. तुलनेने संथ, तरीही अचूक खेळणाऱ्यास ९५ ते १०५ ग्रॅमची दांडी चेंडू उंच नेण्यास साहाय्य करते. ‘एक्स-स्टिफ’ हे अक्षर दांडीवर असणे म्हणजे पुरुषार्थ नव्हे. वयाची पन्नाशी ओलांडलेल्या कितीतरी उत्तम हौशी खेळाडूंनी केवळ दांडी हलकी करून जुन्याच डोक्यांतून हरवलेली उंची परत मिळवली आहे.

प्रत्यक्ष निवड :

चाचणी शक्यतो गवतावर घ्यावी. कृत्रिम चटईवर काठी घसरून चेंडूला लागते आणि चेंडूमागे मारलेला जड फटकाही चांगला भासतो; तळाची परीक्षा तेथे होतच नाही. चेंडू खेळाडू नेहमी वापरतो तोच असावा, कारण सरावाचे कठीण चेंडू फिरकीचे चुकीचे आकडे देतात. सर्वांत लांब गेलेल्या फटक्याकडे पाहण्याचा मोह टाळून, एकाच आयर्नने मारलेल्या पंधरा-वीस फटक्यांत सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड यांतील अंतर किती, हे मोजावे. ज्या डोक्यात ते अंतर सर्वांत कमी आणि चेंडू हिरवळीवर थांबेल इतक्या उताराने पडतो, ते डोके त्या खेळाडूचे. मग त्यावर कोणताही शिक्का असो. दोन आयर्न तोलास तोल उतरली तर घडीव घ्यावे, कारण ते पुढे वाकवता येईल.

लाय तपासण्याची एक स्वस्त पद्धत कोणत्याही मैदानावर वापरता येते. चेंडूवर जाड शाईने उभी रेघ ओढून ती पृष्ठाच्या बाजूस ठेवावी आणि फटका मारावा. पृष्ठावर उमटलेली रेघ सरळ उभी असेल तर लाय योग्य. ती झुकली असेल तर कोन बदलणे आवश्यक. ही तपासणी एका आयर्नवर न थांबता किमान तीन आयर्नवर करावी, कारण नव्या संचातही सर्व कोन कागदावर लिहिल्याप्रमाणे असतातच असे नाही.

हीच तपासणी पुढे दरवर्षी करावी लागते. जे पोलाद कारागिराच्या यंत्रात सहज वाकते, ते दिवसाला शेकडो फटके, कठीण जमीन आणि एखाद्या दगडावर झालेला आघात यांमुळेही हळूहळू वाकते. खूप सराव करणाऱ्याच्या आठ-नऊ क्रमांकांत वर्षाअखेर एखाद्या अंशाचा फरक सापडल्यास नवल नाही. दोन काठ्यांतील चार अंशांचे अंतर तीनवर येते आणि खेळाडू दोष स्वतःच्या मनगटाला देतो. किनारपट्टीवरील दमट हवेत मुलामा नसलेली कच्च्या पोलादाची डोकी लवकर गंजतात, आणि मुलामा झिजलेल्या खाचांतही तांबूस डाग दिसू लागतात. फेरी संपल्यावर डोके कोरड्या फडक्याने पुसून, पिशवीचे ओले आवरण काढून ठेवणे आणि हंगामाच्या आरंभी संच कोनमापकावर ठेवणे, एवढी निगा घडीव आयर्न मागते.